थांब म्हनाव त्याले

चुलीत कोणतं लाकूड जळतंय हे माझी आई दाराबाहेरूनच सांगायची. कडुनिंब असला की धूर घशात कडू बसायचा आणि ती पदर नाकाला लावून बाबांच्या नावानं बोटं मोडायची. चिंचेचं लाकूड आलं की खूश, कारण चिंचेचा विस्तव टिकतो आणि त्यात भाजलेल्या वांग्याच्या भरताला चवच वेगळी. बाभूळ पावसाळ्यासाठी न्हाणीमागं रचून ठेवलेली असायची. अमरावतीतल्या आमच्या वस्तीत बाकीच्या बाया जळणासाठी वणवण फिरायच्या आणि आमच्या अंगणात मात्र पाय ठेवायला जागा नसायची. माझे वडील आणि गफूरचाचा झाडं छाटायचे. तारेला लागलेली फांदी, कौलांवर वाकलेला निंब, विहिरीत पाला गाळणारा उंबर, कुठं काही असलं की लोक म्हणायचे, "मादेव-गफूरले बलवा." जणू एकाच माणसाचं नाव. आईच्या बोलण्यातही तसंच यायचं. गफूरचाचा मागच्या गल्लीत राहायचा, पण तो आमच्याकडं जेवला नाही असा दिवस क्वचित जायचा. पातोडीची भाजी असली की आई त्याच्यासाठी रस्सा आधीच काढून ठेवायची, आणि ईदेला रशीदाचाचीचा शीरखुर्मा आमच्या घरी पातेल्यानं यायचा.

वरचा गफूरचाचा, खालचे बाबा. बाबांना ओट्यावरून खाली पाहिलं तरी गरगरायचं, त्यामुळं ते जन्मात झाडावर चढले नाहीत. चाचा कमरेला दोर बांधून वर उभा, हातात कुऱ्हाड. तोडायच्या फांदीला बांधलेला जाड दोर वरच्या बेचक्यातून खाली आलेला, आणि तो बाबांनी बुंध्याभोवती पेच, म्हणजे वेढे, देऊन धरलेला. फांदी तुटली की तिचा सगळा भार दोरावर येतो. खालचा माणूस एकेक पेच सैल करत तिला अलगद जमिनीवर टेकवतो. खाली कौलं असोत, कुणाची न्हाणी असो, काही फुटता कामा नये. शेवटच्या घावाआधी वरच्यानं विचारायचं, "धरला का?" आणि खालून "धरला" आल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही. एवढाच त्या धंद्याचा कायदा. पण पानांच्या आड खालचा वरच्याला दिसत नाही, वरचा खालच्याला दिसत नाही. म्हणून दोघं दिवसभर बोलत राहायचे. बोलणं म्हणजे काय, तर शिव्या.

"अबे भुईमुग्या, जागा हायेस का मेला?" वरून यायचं. बाबा सदा मातीत म्हणून भुईमूग.

"जागा हावो. तुयासारख्या वांदऱ्याले शेपूट नाई म्हनून मले दोर धरा लागते."

"वयनीनं भाकर कमी देल्ली का आज? दोर ढिला लागून राहिला."

"भाकर बराबर हाये. तूच फुगला. रशीदावयनीले सांगतो, निस्तं वरन दे म्हना याले."

रस्त्यानं जाणारे थांबून ऐकायचे. एखादा मास्तर पोरांच्या कानावर हात ठेवून निघून जायचा. पण बोलणं थांबलं की दोघांचे हात थांबायचे, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. चाचाचं उत्तर यायला जरा उशीर झाला की बाबा मान वर करून ओरडायचे, "अबे, मेला काय?" वरून यायचं, "तुले पोचवल्याशिवाय मरत नाई म्या!" ते आलं की मगच पेचावरचा हात हलायचा. आई म्हणायची, या दोघांचं आधी लग्न झालं, आपण मागून आलो, रशीदा. चाची म्हणायची, हो ना बाई, सौत तर सौत, पन दाढीवाली!

मी दोरावर कशी आले ते सांगते. मला भाऊ नाही. एका पावसाळ्यात बाबांचा खांदा धरला, दोर ओढवेना, म्हणून आईशी भांडून ते मला सोबत घेऊन गेले. आता म्हणाल, वयात आलेली पोरगी झाडं तोडायला? हो, गेले. शाळा सुटली होती, घरात भाकरी थापून थापून जीव कंटाळला होता. एकदा दोर वर बेचक्यात अडकला. चाचा दुसऱ्या टोकाला होता. मी परकर खोचला आणि वर चढले, दोर सोडवला आणि खाली आले. खाली बाबा तोंड उघडं टाकून उभे. वरून चाचा असा हसला की कावळे उडाले. "अबे भुईमुग्या, तुया घरी तं खार जलमली!" त्या दिवसापासून माझं वच्छला हे नाव गेलं. चाचासाठी मी खारू झाले.

मग त्यानं मला शिकवायला घेतलं. बाबांच्या जुन्या पायजम्यावर परकर, पाय अनवाणी. पण चढणं पहिल्या दिवशी नाही शिकवलं. कितीतरी दिवस खालीच उभं केलं आणि नुसतं ऐकायला लावलं. म्हणायचा, "खालच्याचा आवाज हेच तुया पायाखालची फांदी, पोरी. तो आवाज गेला का समज फांदी गेली." मग कोयत्याची पाठ फांदीवर आपटून आवाज ओळखायला शिकवलं. भरीव फांदी खणकन बोलते, आतून किडलेली बद्द बोलते. जांभळावर भरवसा ठेवायचा नाही, हसता हसता मोडते. शेवग्यावर तर चढायचंच नाही. "शेवग्यावर चढनारा अन् सासऱ्याच्या भरवशावर राहनारा, दोघंई कंबरडं मोडून घेतेत." चढण्याआधी तो बुंध्याला कपाळ टेकवून बिस्मिल्ला म्हणायचा, आणि बाबा मुळाशी तांब्याभर पाणी ओतून म्हणायचे, माफ कर माय. घरट्यात अंडी दिसली की ती फांदी राहू द्यायची, घरमालक कितीही कावला तरी. गाठ बांधली की चाचा ती बोटानं चाचपायचा आणि काही बोलायचा नाही. बोलला नाही म्हणजे बरोबर. चुकली असेल तर मात्र माझ्या सात पिढ्या निघायच्या.

वर गेलं की काय वाटायचं ते लिहिता येत नाही मला. सगळं अमरावती दिसायचं. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, कुणाची सून चोरून चिंचा खात बसलेली, वेण्या घातलेल्या पोरी सायकलवरून शिकवणीला निघालेल्या. त्यांचा मला हेवा वाटायचा असं नाही. उलट वाटायचं, त्यांनी वर पाहावं. पोट्टे पाहायचेच. "ए वांदरीन!" म्हणून ओरडायचे. चाचा दुसऱ्या फांदीवरून सांगायचा, "अबे, वर पाहू नको लेका, मान अखडन. मंग डाक्टर शोधत फिरशीन." आणि खालून बाबा, "माया पोरीचं जाऊ दे, त्या वांदऱ्याचे पाय पाह्य, धुतले नाईत म्हैन्याचे." मी हसता हसता फांदीला मिठी मारायची. इतकी सुखी मी पुन्हा कधीच झाले नाही, नातवंडं झाली तेव्हासुद्धा नाही. सुनेला हे वाचून राग येईल, येऊ द्या.

परवा इथं माझ्या सासरी, हिवरखेडला, तारेत गेलेला निंब छाटायला माणसं आली. डोक्यावर पिवळ्या टोप्या, कानावर झाकणं, केशरी दोर, हातात मशीन. मी अंगणात खाट टाकून पाहत बसले. काम चोख, मी नावं ठेवत नाही. पण मशीनची घरघर सोडली तर कुणी कुणाशी अक्षर बोलत नव्हतं. वरच्यानं हात हलवला की खालच्यानं हात हलवायचा. मी उठून खालच्या पोराला विचारलं, "बोलत काहून नाई रे तुमी?" त्यानं कानावरचं झाकण उचललं आणि म्हणाला, "आजी, बाजूले व्हा, फांदी येऊन राहिली." मी बाजूला झाले. भाकरी करायला आत गेले आणि पीठ मळता मळताच ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं.

तर माझ्या लग्नाचं निघालं. स्थळ हिवरखेडचं, काळ्या जमिनीचे, खाऊन-पिऊन सुखी. सासरे पाहायला आले तेव्हा मी नेमकी झाडावर. शेजारच्या बाईनं आनंदानं बोट दाखवलं असणार, लोकांना अशा कामाला फार हुरूप येतो. पण माणूस समजूतदार निघाला. म्हणाला, पोरगी चलाख हाये, आमाले पसंत हाये, फक्त हे झाडावर चढनं आजपासून बंद. बाबांनी तिथंच मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं फारसं नवलही वाटलं नाही, त्या काळी कोण विचारत होतं? पण संध्याकाळी गफूरचाचा अंगणात चहाला बसला आणि त्याला कळलं. त्यानं बशी खाली ठेवली.

"बंद म्हंजे? मले इचारलं का तू?"

"तुले काय इचाराचं त्यात?"

"हात म्या घडवले तिचे. म्या शिकवलं तिले. निदान हा हंगाम तं चढू दे. चढनारनीचे हात हायेत ते, निस्ते भाकर थापाचे नाईत."

"गफूर, पोरगी माई हाये."

"मंग मी कोन हावो?"

बाबा चिडले होते. मनातून त्यांनाही मी खाली उतरणं आवडलं नव्हतं, हे मला आज कळतं, आणि माणूस अशा वेळी जास्तच वाईट बोलतो. ते म्हणाले, "तुले एखादी पोरगी असती तं समजलं असतं तुले."

चाचा-चाचीला मूलबाळ नव्हतं. दर्ग्यात धागे बांधून झाले होते, वैद्य-डाक्टर झाले होते. दारात उभी असलेली आई "अगं माय" म्हणून ओरडली. एरवी एका शब्दाला चार शिव्या देणारा चाचा, त्यानं नुसता गमछा खांद्यावर टाकला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला. आईनं त्या दिवशी बाबांना जेवायला वाढलं नाही.

अकोल्याचं एक काम आधीच घेतलेलं होतं. तिथल्या एका जिनिंगच्या आवारात जुनी चिंच होती, तिची मोठी फांदी कापसाच्या कोठाराच्या टिनांवर गेली होती. कामाला नाही म्हणणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. मला बाबांनी सांगितलं, तू ये, पण पाय जमिनीवर पाहिजेत. बडनेऱ्याला सकाळची गाडी धरली. एकाच बाकावर दोन टोकांना दोघं, मधे मी. स्टेशनवर चाचानं नेहमीसारखा तिघांचा चहा घेतला आणि दोन कप माझ्या हातात दिले, "दे तुया बापाले." बाबांनी तोंड खिडकीकडं ठेवूनच चहा प्याला. मला हसू येत होतं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत एखादी शिवी सुटेल आणि मिटेल. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या शिवीची वाट पाहत होते.

जिनिंगमध्ये काम सुरू झालं आणि खरी गंमत झाली. चाचा वरून म्हणायचा, "खारू, तुया बापाले इचार, धरला का." बाबा माझ्याकडं पाहून म्हणायचे, "सांग, धरला." मी वर ओरडायची, "धरला, चाचा!" मग कुऱ्हाड. मग पुन्हा, "खारू, सोड म्हनाव हळूहळू." चौकीदार तोंडात तंबाखू धरून बसला होता, तो म्हणाला, "काय बे, बहिरे हायेत का दोघंई?" मी म्हटलं, "नाई काका, रुसले हायेत." तोही हसला. लहानसहान फांद्या अशा सगळ्या उतरल्या. दुपारची भाकरी आईनं एकाच फडक्यात बांधून दिली होती, कळण्याची भाकर आणि ठेचा. ती मी दोन ठिकाणी वाढली. बाबा बुंध्याच्या या बाजूला, चाचा त्या बाजूला. ठेचा चाचाकडं गेला तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "त्यानं घेतली का भाकर?" मी म्हटलं, घेतली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. अजून एक घटका मिळाली असती तर ते दोघं बोलले असते, याबद्दल माझी खात्री आहे. देवापुढं सांगेन.

शेवटी टिनांवरची मोठी फांदी राहिली. चाचानं ती दोरानं बांधली, खालून खाच घेतली, मग वरून घाव घालत आणली. खोडावरची साल सकाळपासूनच्या पेचांनी सोलली जाऊन तिथं गुळगुळीत झालं होतं. चाचानं विचारलं, "खारू, इचार, धरला का." बाबा म्हणाले, "सांग, धरला." मी वर सांगितलं. चाचानं कुऱ्हाड उचलली. आणि त्याच क्षणाला बाबांना दिसलं की एक पेच त्या गुळगुळीत जागेवरून घसरतोय.

एरवी त्यांनी आभाळ फाटेल असा आवाज दिला असता. "थांब बे वांदऱ्या!" एवढंच लागत होतं. पण वर ओरडलं असतं तर ते गफूरशी बोलणं झालं असतं. म्हणून त्यांनी मान माझ्याकडं वळवली आणि साध्या आवाजात मला म्हटलं, "थांब म्हनाव त्याले."

मी वर पाहून ओरडले. तोवर घाव बसला होता.

फांदी सुटली, घसरलेल्या पेचानं एकदम खाली गेली, मग दोर ताठ होऊन थांबली आणि झोका घेऊन परत फिरली. तिचं जाड बूड चाचाच्या पाठीवर बसलं. कमरेचा दोर तुटला नाही. त्या दोरावर तो वाकून लोंबत राहिला. पानं पडत होती. बाबा दोर सोडू शकत नव्हते, टिनांखाली कोठारात माणसं होती. फांदी त्यांनी खाली टेकवली, एकट्यानं, कशी ते देवाला माहीत, आणि मग वर पाहून त्या दिवसातला पहिला शब्द ते त्याच्याशी बोलले, "गफूर!" वरून उत्तर आलं नाही.

मला कुणी चढ म्हटलं नाही आणि चढू नको असंही कुणी म्हटलं नाही. मी चढले. चाचाचे डोळे उघडे होते. मी घाईघाईनं दोर ओढायला लागले तर तो हळूच म्हणाला, "घाई नको करू खारू. पयले वरच्या मोठ्या फांदीवरून दोर घे. हां. काखेखालून. आता जांघेतून." मी गाठ मारली. त्यानं बोटानं ती चाचपली आणि काही बोलला नाही. दोराचं दुसरं टोक खाली टाकलं. चाचाचा कमरदोर कापायचा होता. मी कोयता घेतला आणि खाली विचारलं, कारण मला तेच शिकवलं होतं, "बाबा, धरला का?" खालून रडणारा आवाज आला, "धरला, माय, धरला." मी दोर कापला. बाबांनी त्याला इतक्या सावकाश उतरवलं की इतकी अलगद त्यांनी कधी फांदीही उतरवली नव्हती. अंगावर घेतलं, मांडीवर डोकं घेतलं. "गफूर, अबे गफूर, बोल ना बे." चाचानं त्यांच्याकडं पाहिलं. म्हणाला, "सावकाश, महादेवभाऊ. तुमाले लागन." मी वरून ते 'महादेवभाऊ', ते 'तुमाले' ऐकलं. दुखण्यानं असेल, असं बाबांना वाटलं. मला मात्र तेव्हाच कळलं. झाडावरून मी उतरले ती शेवटची.

चाचाचे पाय गेले. कितीतरी महिने अकोल्याच्या दवाखान्यात होता, नंतर तिथंच बहिणीच्या घरी राहिला. रशीदाचाचीनं अमरावतीचं घर मोडलं. माझं लग्न झालं, नवरा भला माणूस मिळाला, मला काही कमी पडलं नाही. बाबांनी दोराला पुन्हा हात लावला नाही. भाजीबाजारात हमाली करायचे. आणि दर रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला जायचे, आईनं दिलेले मुंगाचे वडे नाहीतर भरीत डब्यात घेऊन. लग्नाआधी मी सोबत जायची, लग्नानंतर हिवरखेडवरून एसटीनं जाऊन गाठायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबांनी खाटेवर चाचाच्या निर्जीव पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे रडले. चाचानं त्यांना उठवलं. "असं नाई करत महादेवभाऊ. नशिबाचं असते. तुमी बसा. वयनी बऱ्या हायेत ना?" माफ केलं त्यानं. खरंच केलं, मनात काही ठेवलं नव्हतं. पण ते 'तुमी' काही गेलं नाही.

बाबा गाडीत बसून शिव्या तयार करायचे. मी पाहिलंय त्यांना, ओठ हलायचे. आत शिरताना म्हणायचे, "काय बे वांदऱ्या, खाटेवर पडून पडून वजन वाढलं नं तुयं!" चाचा हसायचा, अगदी मनापासून, आणि म्हणायचा, "या महादेवभाऊ. चाय घ्या." मग दोघं पावसाचं बोलायचे, पिकाचं बोलायचे, पाव्हण्यांसारखे. परतताना अकोल्याच्या फलाटावर बाबा एकदा मला म्हणाले, "मारलं असतं मले तं बरं झालं असतं, वच्छे. एक शिवी दे म्हना त्याले. एकच." मी त्यांचा हात धरून उभी राहिले. गाडी आली, ते चढले.

शेवटी मीच एकदा चाचीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, काहून असं करतो चाचा? बाबा झिजून राहिले. चाची कांदा चिरत होती. म्हणाली, "म्याई इचारलं. म्हनते, शिवी वरून खाली देतेत, रशीदा. आता मी त्याच्याई खाली पडून हावो. इथून कशी देऊ? तोंडात येते अन् तथीच राहते." मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी गेले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. खाटेजवळ फरशीवर मांडी घालून बसले, मान खाली घालून, म्हणजे चाचा वर आणि आपण खाली. "महादेवभाऊ, खुर्चीवर बसा ना." "नाई, येथीच बरं हाये मले." गुडघे दुखायला लागले, उठता येईना, चाचीच्या हाताला धरून उठावं लागायचं, तरी प्रत्येक रविवारी फरशीवर. वर्षामागून वर्षं. चाचाला कळलं होतं का ते का बसतात? कळलं असणारच. तो डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "चाय घ्या."

बाबा गेले तेव्हा मी अमरावतीतच होते. सकाळी चूळ भरून ओट्यावर बसले आणि बसल्या जागी गेले. अकोल्याला निरोप धाडला. सगळे म्हणत होते, थांबायचं तरी किती, ऊन चढतंय. मी म्हटलं, गफूरचाचा आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दुपारी भाच्यानं त्याला टेम्पोत घालून आणलं. चाकाच्या खुर्चीवर बसवून अंगणात आणलं. बाबा जमिनीवर निजलेले, तोंडात तुळशीचं पान. चाचानं खुर्ची अगदी जवळ घ्यायला लावली. खाली वाकून पाहिलं. आणि मग बोलला.

"अबे भुईमुग्या."

आईनं तोंडावर पदर दाबला.

"मेला काय बे? तुले पोचवल्याशिवाय मरत नाई म्हनलं होतं म्या. अन् आता पोचवू कसा? चालता येत नाई मले, हरामखोरा. इतकीई अक्कल नाई तुले." एक शिवी दिली की तो थांबायचा, मान जरा तिरकी करून. खालून उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. थांबायचा, मग पुन्हा बोलायचा. "आयतवारी येऊन खाली बसाचा. गुडघे गेले, तरी बसाचा. भोकाड्या लेकाच्या, तुया अकलेले आग लागो." थांबला. "चाय थंडा करून प्याचा. फूऽऽ करून. मले राग याचा तुया." थांबला. साठून राहिलेल्या सगळ्या शिव्या त्यानं काढल्या, एकही शिल्लक ठेवली नाही. अंगणातली म्हातारी माणसं रडत होती, ज्यांनी कधीकाळी झाडाखाली उभं राहून त्या ऐकल्या होत्या. मी उत्तर देणार होते बाबांच्या वतीनं. पण तेवढ्यात माणसं पुढं आली, त्यांनी बाबांना तिरडीवर घेतलं.

मग माणसांनी तिरडी उचलली. चाचाची खुर्ची गर्दीत मागं राहिली, ओट्याच्या कडेला, माझ्याशेजारी. त्यानं माझा हात धरला. ओरडला असता तर सगळे थांबले असते, त्याचा आवाज अजून तसाच होता. पण त्यानं मान माझ्याकडं वळवली आणि साध्या आवाजात मला म्हटलं,

"खारू, थांब म्हनाव त्याले."

मी वळले. तोवर ते फाटकाबाहेर गेले होते.